दोघांनी उचलायचं जनावर

अब्बा,

काल घरात मी एक खोटं बोलले, आणि बोलता बोलता मला तुमचा आवाज ऐकू आला. थोरली मुलगी विधवा होऊन परत आली आहे. थोरली माझ्या पोटची नव्हे, पण मी आसेगावला या घरात आले तेव्हा ती रांगत होती, म्हणजे माझीच म्हणायची. तिच्यासाठी कुणीतरी स्थळ घेऊन आलं. तिचे वडील जेवायला बसले होते, त्यांनी विचारलं, पाहुण्यांना कधी बोलवायचं? मी भाकरी थापत होते. म्हटलं, एवढ्यात नको, माझ्या डोळ्यांना हल्ली दिसत नाही, पोरीवाचून माझं शिवणकाम अडतं. माझे डोळे चांगले धडधाकट आहेत, सुईत दोरा मी अजून पहिल्या खेपेला ओवते, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी पुढची भाकरी मागितली. मला मात्र एकदम आपली छपरी आठवली. कुत्र्याच्या कमरेवर हात ठेवून तुम्ही फुफीला, तुमच्या बहिणीला, म्हणालात, "याले उचलाले दोन मान्सं लागतेत." त्या वाक्याचा अर्थ लागायला मला माझी स्वतःची पोर घरी परत यावी लागली.

म्हणून लिहायला बसले. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, तेव्हा दुपारीच लिहिते आहे, सगळे झोपलेत. मराठीत लिहिते, कारण मंगरूळच्या मराठी शाळेत तुम्ही मला चौथीपर्यंत बसवलंत. उर्दू वाचता येते, पण लिहिताना हात अडखळतो. तुम्हाला कुठलीच लिपी येत नव्हती, त्यामुळे कशातही लिहिलं तरी तुमचं काही बिघडत नाही.

थोरली तुमच्याबद्दल विचारते, नाना करायचे काय? मी सांगते, नालबंद होते. बाजाराच्या कडेला कडुनिंबाखाली छपरी होती आणि बाजाराच्या दिवशी तिच्यासमोर बैलांची रांग लागायची. बैलाला दोर टाकून आडवा करायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि दर पायाला दोन पत्र्या ठोकायच्या. पोहरादेवीच्या जत्रेआधी तर नानांना भाकरी खायला सवड नसायची. पण लोक काही नुसत्या पत्र्यांसाठी येत नव्हते. लंगडा बैल घेऊन यायचे आणि नानांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. नाना बैल एकदा चालवून बघायचे, कधी तेवढंही नाही, आणि दोनातला एक शब्द बोलायचे. "होईन," किंवा "इकून टाक." विकून टाक म्हणजे कुणाला, हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि तो गिऱ्हाईकही बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभाच असायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं तुमच्या पायावर टोपी ठेवली होती. तुम्ही टोपी झटकून त्याच्या डोक्यावर परत ठेवलीत आणि तोच शब्द पुन्हा सांगितलात. फुफी म्हणाली, "जरा गोड बोलला तं जीभ झडते का तुही?" तुम्ही खिळे निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "आशा मालक धरते, अन् भोगा लागते जनावराले." तुमची जीभ अशी होती, अब्बा. लोक तुम्हाला कसायाचा दलाल म्हणायचे आणि तरी बैल तुमच्याकडेच आणायचे, कारण तुम्ही कधी खोटं सांगत नव्हतात.

मी परत आले ते मानमोडीच्या तापानंतर. कारंज्याला गल्लीच्या गल्ली उजाड झाल्या होत्या. ज्याच्याशी माझं लग्न झालं होतं तो जिनिंगमध्ये कामाला होता. सकाळी डोकं दुखतं म्हणाला आणि आठवड्याच्या आत गेला. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, त्याची माझी पुरती ओळख व्हायच्या आत सगळं संपलं. विधवेनं घरात बसायचे ते इद्दतीचे दिवस काढून मी पेटी घेऊन बैलांच्या खाचरातून मंगरूळला उतरले. तुम्ही पेटी खाली घेतलीत, पेटी जड आहे म्हणालात, आणि छपरीत निघून गेलात. मुलीशी बापानं काय बोलायचं हे तुम्हाला कधी जमलंच नाही. अम्मी होती तोवर तुमचं बोलणं तिच्यामार्फत यायचं, ती गेल्यावर फुफीमार्फत. "तुहा बाप म्हनते, डोक्यावरून पदर घेत जा." "तुहा बाप म्हनते, आता भाजी बरी झाली." एका घरात राहून मला तुमचे निरोप यायचे.

मी आले तेव्हा ते पिल्लू आलेलं होतं. पोहरादेवीकडच्या एका बंजारा तांड्याच्या नायकानं तुम्हाला दिलं होतं. त्यांच्या साऱ्या बैलांना तुम्ही वर्षानुवर्षं पत्र्या मारत आला होता. तांड्यावरची कुत्री मोठ्या हाडाची असतात, पण हे काही वेगळंच होतं. पंजे भाकरीएवढे, अंगावरची कातडी दोन मापं मोठी. तुम्ही त्याच्यावर असे खूश झालात की मला माझ्या बापाची शंका यायला लागली. शेतकऱ्यांना तुम्ही ओरडून सांगायचात, गोऱ्ह्याले लय चारू नोका, आंग वाढते अन् हाड कच्चं राह्यते. आणि इकडे पिल्लाला सकाळी दूध, दुपारी बकऱ्याच्या पायांचा रस्सा, संध्याकाळी परत दूध. ते दिवसाला बोटभर वाढत असल्यासारखं दिसायचं, आणि येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, काय पठ्ठ्या आहे. तेच नाव पडलं. नीट नाव ठेवायचं राहूनच गेलं.

घरात अर्थातच त्याला पाऊल टाकायची मुभा नव्हती. कुत्रं शिवलं की नमाजाआधीची शुद्धी, वुजू, गेली, कपडे गेले. तुम्ही त्याच्यासाठी म्हणून एक फाटका कुरता छपरीतल्या खुंटीवर ठेवला होता. त्याच्याजवळ जायचं तर तो घालायचा, आणि अजानीची वेळ झाली की विहिरीवर अंघोळ करून दुसरा घालायचा. फुफी उंबऱ्यातून बघत राहायची. "एका कुत्र्यापायी पाच टाइम न्हाशीन तं हाडं भिजतीन तुही." तुम्ही नमाज कधी चुकवली नाहीत आणि कुत्रंही सोडलं नाहीत.

उन्हाळ्यात ते सशासारखं उड्या मारायला लागलं. मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचं आणि एकदम टाकायचं. आम्ही हसलो, मी आणि फुफी दोघी. तेवढ्यात तुम्ही छपरीतून बाहेर आलात, आणि तुमचा चेहरा पाहून माझं हसू गेलं. पुढे ते उठताना कण्हायला लागलं. पुढच्या पायांवर उभं राहायचं आणि मागचं धड ओढत वर आणायचं, कमरेवर कुणी पोतं ठेवल्यासारखं. मग एक दिवस उठलंच नाही. तुम्ही त्याला कुशीवर निजवलंत, एक तळवा खुब्यावर ठेवलात आणि दुसऱ्या हातानं पाय हळूहळू फिरवलात. मला त्या खुब्यातून आलेला आवाज दारात ऐकू आला, ओल्या लाकडात लाकूड घासावं तसा. ते ओरडलं नाही, फक्त तुमच्या मनगटाला तोंड लावून राहिलं. मी तुमच्या शब्दाची वाट बघत होते. बाजारात त्या जागी बैल असता तर एव्हाना तुम्ही बोलून मोकळे झाला असतात.

नेमकी त्याच दिवशी फुफी बाहेर आली. आसेगावचा निरोप आला होता. धान्याचा व्यापारी, बायको बाळंतपणात गेलेली, घरात तीन पोरं, दोन मुलगे आणि सर्वांत धाकटी दूधपिती मुलगी, आजची माझी थोरली. वय माझ्या दुप्पट, पण घर भरलेलं. फुफी म्हणाली, "पोरगी जवान हाय, गावाचे डोये चांगले नाईत. आता हो म्हनून टाक." मला वाटलं, झालं. एका दुपारी दोघांचं "इकून टाक" ऐकायला मिळणार. तुम्ही कुत्र्याच्या खुब्यावरचा हात काढला नाहीत. तसेच म्हणालात, "हे उभं राहू दे आधी. याले उचलाले दोन मान्सं लागतेत, तुह्यानं होत नाई." फुफी म्हणाली, "कुत्र्यासाठी पोरीचा निकाह थांबवतं का?" तुम्ही म्हणालात, "थांबवत नाई. पाहू म्हनलं." पाहू. हा शब्द तुमच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत. तुम्ही तागाच्या पोत्याची झोळी शिवलीत, रुंद, दोन्ही टोकांना दोराची मूठ. ती त्याच्या पोटाखालून घालायची, एक मूठ तुमच्या हातात, एक माझ्या. मागचं धड आपण उचलून धरायचं आणि पुढच्या पायांनी त्यानं चालायचं, कडुनिंबाभोवती फेऱ्या, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. वासराएवढं वजन होतं. पहिल्या दिवशी माझे तळहात सोलले. फेऱ्या झाल्या की मी निर्गुडीचा पाला उकळायचा, तुम्ही त्या पाण्यानं शेक द्यायचा. एरंडाचं पान गरम करून बांधायचं, अळशी वाटून तिचा लेप द्यायचा. पठ्ठ्या पडल्या पडल्या आपल्या दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. त्याला वाटत असेल, ही माणसं माझ्यासाठी एवढं करतात.

आणि तुम्ही बोलायला लागलात. आधी नुसतं, "इकडून उचल, ढिलं सोडू नोको." मग रस्त्यानं बैलगाडी गेली की म्हणायचात, सांग कोन्ता पाय धरते. मला कळायचं नाही. तुम्ही सांगितलंत, पायाकडे पाहू नको, मानेकडे पाहा. चांगल्या पायावर मान खाली जाते, दुखऱ्यावर वर येते. डोळे मिटून नुसती पत्र्यांची टकटक ऐकायला लावलीत, चारांतला कुठला ठोका आखूड पडतो ते. पावसाळ्याच्या तोंडाशी मी बाजूच्या घराच्या भिंतीआडून जाणाऱ्या जोडीतला डावा बैल मागच्या उजव्या पायानं लंगडतो हे न बघता सांगितलं. तुम्ही झोळी एका हातात घेतलीत आणि दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावर थाप मारलीत, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. अम्मीची गोष्ट तुम्ही मला त्या फेऱ्यांत सांगितलीत, तिला तुमच्या कोळशाच्या वासानं पहिल्यांदा मळमळलं होतं ती. कारंज्याबद्दल तुम्ही एकदाच विचारलंत. "मारत तं नव्हता ना?" मी नाही म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि त्या दिवशी एक फेरी जास्त झाली. एवढ्या आयुष्यात मी इतकी सुखी पुन्हा झाले नाही, आणि आपल्या मधोमध ते जनावर दात आवळून चालत होतं.

मग तो माणूस आला. आदल्या हंगामात त्याच्या पांढऱ्या बैलाचा खुबा पाहून तुम्ही विकून टाक म्हणाला होता, आणि त्यानं ऐकलं होतं. त्या दिवशी तो दुसऱ्या बैलाला पत्र्या मारायला आला आणि कडुनिंबाखाली आपली वरात बघून थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नालबंद, हे तं तेच दुखनं हाय. माह्या बैलाले तुमी चालवून बी नाई पाह्यलं. अन् याले झोयीत घालून फिरवून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "तो बैल होता. कामाचं जनावर." तो म्हणाला, "मले तो कामाचा नव्हता. मायं पोरगं त्याच्या गळ्यात पडून झोपे." आणि मग शांतपणे, "आपला तो बाळ्या, लोकाचं ते कार्टं. तुमच्याकडून असं नव्हतं वाटलं." बैलाला पत्र्या न मारताच तो निघून गेला. बाजारभर ही गोष्ट झाली. त्यानंतर लंगडे बैल घेऊन येणारे कमी झाले. आले तरी तुमचा शब्द ऐकून म्हणायचे, पाहू.

दोन दिवस तुम्ही पत्र्याच ठोकत बसलात. तिसऱ्या दिवशी सकाळी भात्याजवळ डागण्या ठेवलेल्या दिसल्या. लंगड्या बैलाच्या खुब्यावर तापलेल्या लोखंडानं रेघा ओढतात, आतलं रक्त जागं होतं म्हणतात. ते तुम्ही किती जनावरांना केलं असेल. पण मला तुम्हीच शिकवलं होतं, डाग मांसाच्या आणि शिरेच्या दुखण्याला, हाडाचा सांधाच कच्चा असेल तर डागून काय होणार. मी म्हटलं, "अब्बा, याचं तं हाड हाय." तुम्ही भाता ओढत म्हणालात, "लोकं पाहून राह्यले." बस, एवढंच. फुफी दार लावून आत बसली. तुम्ही त्याचे पाय बांधलेत, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाला फडकं बांधायला लागले तर तुम्ही म्हणालात, नको बांधू, तुला नाही चावायचा. खरंच नाही चावला. माझी ओढणी तोंडात घेतली आणि धरून ठेवली. तो वास मी लिहीत नाही, तुमच्या नाकात तो जन्मभर होता. तुमचा हात बैलाला डागताना कधी हलत नसे. त्या दिवशी एक रेघ वाकडी गेली. काम झाल्यावर तुम्ही फाटका कुरता काढून त्याच भट्टीत टाकलात आणि विहिरीवर इतका वेळ पाणी ओतत राहिलात की अजान होऊन गेली. मला तुमचा राग आला होता. आजही येतो. आणि त्याच संध्याकाळी, लेप लावायला आपण दोघं जवळ बसलो तेव्हा, मला बरंही वाटलं होतं. या दोन गोष्टी एकाच मनात कशा राहतात ते मला कळत नाही.

श्रावणात डागलेल्या जागी अळ्या पडल्या. सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरायचा, अळ्या बाहेर पडल्या की काडीनं वेचायच्या. तुम्ही वेचायचात, मी माश्या वारायची. पठ्ठ्याच्या मांड्या वाळून काठ्या झाल्या, पुढचं धड मात्र पहिलवानासारखं. दोन कुत्री जोडून केल्यासारखा तो दिसायचा. फुफी दर जुम्म्याला आसेगावचा विषय काढायची. त्यांची धाकटी पोर शेजारणीच्या दुधावर आहे, ते किती दिवस थांबणार. तुम्ही म्हणायचात, आता बरं वाटून राह्यलं त्याले, जरा थांब. बरं वाटून राह्यलं. मी मान खाली घालून पाला वाटायची.

एकदा तुम्ही मला जवळ बोलावलंत. माझा तळवा धरून त्याच्या खुब्यावर ठेवलात आणि पाय फिरवलात. म्हणालात, "सांग." माझ्या तळव्याखाली हाडाचा गोळा वाटीतून सटकला आणि पुन्हा आत घसरला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, काही अडवायलाच नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, बाजारात लोक तुमच्याकडे बघायचे तसे. मी म्हटलं, "आधीपेक्षा घट्ट वाटते." तुम्ही माझा हात सोडलात. "मलेबी तसंच वाटते," म्हणालात. मग आपण झोळी घातली आणि फेऱ्या सुरू केल्या.

थंडी पडली तशी तुमची छाती बिघडली. पाच वेळचं विहिरीचं पाणी, दुसरं काय. रात्रभर खोकायचात आणि पहाटे पुन्हा बादली ओतायचात. फुफीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. चुलीवर दूध होतं, पठ्ठ्याचंच. तिनं ते उतरवलं आणि म्हणाली, "पोरी, मी अडानी हाय, पन आंधयी नाई. ते कुत्रं मराले मांगून राह्यलं. तुहा बाप मरन त्याच्याआधी. तू एक शब्द बोल, तो ऐकन तुह्यं." मी म्हटलं, "काय बोलू?" ती म्हणाली, "तुले मालूम हाय काय बोलाचं." मला मालूम होतं. मी दूध उचललं आणि छपरीत घेऊन गेले. त्यानं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून त्यानं खाणं सोडलं. पाणी तेवढं माझ्या ओंजळीतून घ्यायचा. तरी आपण फेऱ्या बंद केल्या नाहीत. चालला नाही तर आखडेल, असं तुम्ही म्हणायचात. पुढचे पायही आता नीट पडत नव्हते, ओढले जायचे, मातीत दोन रेघा उमटायच्या.

ती सकाळ धुक्याची होती. तुम्ही खोकत खोकत झोळी घातलीत, मी माझी मूठ धरली. उठताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, तुमच्याकडेही नाही. आपण कडुनिंबाला वळसा घातला. त्यानं पुढचे पाय दोनदा टाकले, मग टाकले नाहीत. दुसऱ्या वळणावर झोळीतलं वजन बदललं. जिवंत जनावर कितीही थकलेलं असो, थोडंसं स्वतःचं स्वतः तोलतं. ते तोलणं गेलं. माझ्या बाजूचा दोर हाताला कापायला लागला. आपण चालत राहिलो. तुम्ही भिंतीकडे बघत होतात, मी जमिनीकडे. पूर्ण एक फेरी झाली आणि दुसरी सुरू झाली. तेव्हा फुफी बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं आणि म्हणाली, "मेलं ना ते. मेलेल्याले कायले फिरवून राह्यले बाप्पा तुमी?" तुम्ही थांबलात. खाली बघितलंत. "अरे," म्हणालात, आत्ताच कळल्यासारखं. मग हळूच खाली ठेवलंत त्याला, झोळीसकट. बाजारातला कुठलाही बैल कोपऱ्यावरून वळायच्या आत ओळखणारा माणूस "अरे" म्हणाला.

विहिरीमागच्या पडीक जागेत तुम्ही त्याला पुरलंत. मला म्हणालात, तू घरात जा, हे बाईमाणसाचं काम नाही. मग माझ्याशी तुमचं बोलणं पुन्हा फुफीमार्फत सुरू झालं. "तुहा बाप म्हनते, आसेगाववाल्यांले जुम्म्याच्या दिवशी बोलावलं." निकाह झाला. खाचरात बसताना तुम्ही माझी पेटी उचलून ठेवलीत आणि काही म्हणाला नाहीत, पेटी जड आहे असंही नाही. माणूस वाईट निघाला नाही, अब्बा. पोरं माझी झाली. तुम्ही मात्र पुढच्या थंडीत गेलात, आणि मला निरोप पोचला तोवर माती देऊन झाली होती. छाती भरली होती, असं फुफी म्हणाली. मला दोष द्यायचा हक्क असूनही आणखी काही म्हणाली नाही.

तुम्ही एका बापाला शोभेल तसं, सरळ, का म्हणाला नाहीत की पोर माझ्याजवळ राहू दे? कदाचित ते म्हणण्याची रीत तुम्हाला माहीत नव्हती, आणि मलाही "मला जायचं नाही" म्हणण्याची नव्हती. म्हणून आपण एका मुक्या जनावराला मधे घातलं, आणि आपलं न बोललेलं त्यानं भोगलं, सांध्यासांध्यातून. थोरली उठली आहे, आत भांडी वाजताहेत. हा कागद मी चुलीत घालणार आहे, त्याआधी एकच सांगते. एवढी वर्षं मी समजत आले की त्या शेवटच्या फेरीत तुम्ही मला फसवत होतात. तसं नव्हतं. माझ्या हातातला दोर जड झाला तेव्हाच मला कळलं होतं की पठ्ठ्या गेला, आणि मी मुद्दामच तुमच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तुम्ही थांबला असतात.